घाटावरच्या पेठेसाठीची काल्पनिक लढाई: नकाशापासून जकातीपर्यंत

अद्भुतकथा लिहिणारे आणि टेबलावर भूमिका-खेळ चालवणारे, दोघांच्याही लढाया बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. सुरुवात डोंगरातल्या व्यापारी गावापासून होते आणि चौथ्या पानावर दोन्ही फौजा सपाट माळावर समोरासमोर उभ्या ठाकतात. घाट, खिंड, पेठ, सगळं मागच्या पडद्यावर रंगवलेलं. मग डोंगर घेतला कशाला?

कारण कामाच्या क्रमात आहे. आधी सरदार ठरतो, मग त्याची तलवार, मग जादू, मग उडणारा प्राणी आणि सगळ्यात शेवटी नकाशा. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवा: अशा गावावर चालून येणाऱ्याला तिथली जकात हवी असते. पेठ जळाली आणि तांडे शेजारच्या घाटाने जाऊ लागले, तर हाती नुसता दगड उरतो. म्हणजे हल्ला करणाऱ्याचे हात आधीच अर्धे बांधलेले असतात. लढाईची सगळी गंमत त्या बांधलेल्या हातांत आहे.

उदाहरणासाठी एक गाव रचू: मिठबारी. खाली समुद्राकडे बंदरकरांचं राज्य, वर पठारकरांचं, आणि मधला घाट या गावाच्या ताब्यात. चालून येणार बंदरकर, गाव राखणार पठारकर. मोजमापं सह्याद्रीची घेऊ, कारण ती आपल्या पायाखालची आहेत.

## टप्पा १: आधी वाट आखा, गाव नंतर बसवा

कोऱ्या कागदावर कड्याची रेघ ओढा. तिच्यावर एक मुख्य घाट, एक अडचणीची नाळ (डोंगराच्या घळीतून चढणारी वाट) आणि एक लांबचा पण सोपा घाट दाखवा. तीन वाटा हव्यातच. एकच असेल तर लढाई म्हणजे दरवाजावरची ढकलाढकली होते. पाच-सहा झाल्या तर कोणतीच मोलाची राहत नाही.

आता गाव. इथे जवळपास सगळेच ते खिंडीच्या अगदी ओठावर, सगळ्यात उंच जागी टांगतात. चित्रात छान दिसतं, पण व्यापारी तिथे राहत नाही. त्याला पाणी लागतं, बैलांना चारा लागतो, गाड्या वळवायला सपाट जागा लागते. नाणेघाट बघा. घाटाच्या माथ्यावर लेणं आहे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. मोठी पेठ मात्र आत पठारावर, जुन्नरला. दुसरा नमुना महाडचा: घाटाच्या पायथ्याशी, सावित्रीच्या काठी, जिथे खाडीतून आलेला माल उतरायचा. वर किंवा खाली, दोन्हींपैकी एक निवडा. ओठावर फक्त चौकी ठेवा.

मिठबारी आपण माथ्यापासून कोसभर आत बसवली. म्हणजे घाट चढून आलेल्या शत्रूला आणखी कोसभर उघड्यावर चालायचं आहे. हा कोस पुढे फार उपयोगी पडेल.

तपासा: तुमच्या नकाशावर शत्रूला गाव टाळून पुढे जाता येतं का? येत असेल तर तो गावासाठी लढेल कशाला, याचं उत्तर कागदावर लिहून ठेवा.

## टप्पा २: काय चढतं, काय उतरतं

हा टप्पा लोक कंटाळून सोडतात आणि तिथेच कथेतली माणसं हरवतात. वर काय चढतं? मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी. खाली काय उतरतं? ज्वारी, गूळ, कापूस. ओझ्याचा बैल साधारण शंभर किलो वाहतो आणि चरत-चरत चालणारा तांडा दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर कापतो.

यातून पात्रं आपोआप मिळतात. मीठ अडलं तर पठारावर बोंब होते. ज्वारी अडली तर बंदरात भाव चढतात. शेटे-महाजनांना कोणता राजा येतो याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, जकातीचा दर काय राहील याच्याशी असतं. तांड्याचा नाईक दोन्ही बाजूंना धान्य विकतो आणि दोन्ही बाजूंच्या बातम्याही. बलुतेदार, घाटावरचे चौकीदार, जंगलातल्या वाटा ओळखणारे गुराखी, या प्रत्येकाचं पोट त्या वाटेवर आहे. वेढ्याच्या आदल्या आठवड्यात यातला कोण कुणाकडे निरोप पाठवतो ते ठरवा. अर्धी लढाई तिथेच जुळते.

सावधान: गावाला एकमुखी ठेवू नका. ‘मिठबारीचे लोक शूर होते’ असं वाक्य आलं की समजा, हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा ३: गडांचं कडं आणि पाण्याचा हिशेब

व्यापारी गाव एकट्याने उभं नसतं. नाणेघाटाच्या वाटेवर जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असं कडंच आहे. मिठबारीला दोन गड पुरेत: थोरला गावामागे, धाकटा घाटाच्या तोंडावर. दोन्हींना वेगळी कामं द्या. धाकटा घाटावर नजर ठेवतो, थोरल्यात धान्य आणि पाणी.

शेजारचा लहान गड पडला की मोठ्याचं काय होतं, ते १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यात दिसतं. दिलेरखानाच्या फौजेने आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि मग पुरंदरच्या माचीवरचा मारा वाढला. तुमच्या शत्रूलाही थेट गावावर सोडू नका. आधी धाकट्यावर पाठवा.

तट कसा पडतो तेही खडकावर ठरतं. १६६० मध्ये चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज शाइस्ताखानाच्या फौजेने सुरुंग लावून उडवला. तो भुईकोट होता, खाली माती खणता येत होती. काळ्या कातळावरच्या गडाखाली तसं खणणं फार जिकिरीचं. तिथे शिड्या, फितुरी किंवा तहान.

तहानेचा हिशेब आकड्यात करा. मिठबारीची वस्ती चार हजार, आसपासच्या वाड्यांवरून आत आलेले दोन हजार. माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला तीस हजार लिटर. थोरल्यावरचं मोठं टाकं दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, चार मीटर खोल, म्हणजे भरलेलं असेल तर तीन लाख वीस हजार लिटर. दहा दिवसांपेक्षा जरा जास्त. आता वेढ्यात अडकलेल्या तांड्याचे तीनशे बैल मोजा. बैलामागे तीस लिटर, म्हणजे रोजचे नऊ हजार वाढले. दिवस उरले आठ.

बैल बाहेर हाकलले तर दोन-अडीच दिवस मिळतात. पण बैल तांड्याचे आहेत, आणि त्या तांड्याच्या नाईकाला धाकट्याची चोरवाट ठाऊक आहे. गुणाकार केला आणि प्रसंग हाती आला. कल्पनाशक्ती ताणायची गरजच पडली नाही.

तपासा: टाकं कुणाच्या पहाऱ्यात आहे? पाणी मोजून देणारा माणूस कोण? त्याला नाव द्या.

## टप्पा ४: हंगाम ठरवा

पावसाळ्यात घाटमाथ्यावर लढाई नको, हा सरळ नियम. वाट निसरडी, ओढे भरलेले, तोफा-बंदुकांची दारू सर्दावलेली, आणि फौजा छावणीला गेलेल्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा सुरू होत, ते उगाच नाही. नियम मोडता येतो, पण किंमत दाखवा. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याचा वेढा पावसातही उठवला नाही. आणि त्याच पावसात, जुलैतल्या एका रात्री, शिवाजी महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. पाऊस दोघांनाही सारखाच झोडपतो.

उरले दोन हंगाम. मार्गशीर्ष-पौषात टाकी भरलेली, सुगी झालेली, तांडे वाटेवर, पहाटे दरीत धुकं. चैत्र-वैशाखात टाकी तळाला, गवत वाळलेलं, वणव्याची भीती. वणवा चढावर झपाट्याने धावतो, म्हणून खालून येणाऱ्याला तो पेटवायचा मोह होणारच. पण वर पेठ आहे, कापसाची वखार आहे. जळलेल्या वखारीतून जकात मिळत नाही.

मिठबारीसाठी आपण पौष घेतला.

## टप्पा ५: फौज मोजा, मग अर्धी करा

‘एक लाखाची सेना घाट चढू लागली’ असं लिहिण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. अरुंद घाटात माणसं एकामागे एक चालतात. माणशी दीड मीटर धरला तर तीन हजारांची रांग साडेचार किलोमीटर होते. दिवसाला माणशी एक किलो शिधा म्हटला तर तीन हजार किलो, म्हणजे रोजचे तीस बैल. वीस दिवसांच्या वेढ्याला सहाशे. बैलामागे तीन मीटर धरा, आणखी एक किलोमीटर आठशे मीटर. एकूण रांग सहा किलोमीटरांच्या वर. चढावर ती ताशी दोन किलोमीटरने सरकते. पहिला माणूस माथ्यावर पोचल्यावर शेवटचा बैल यायला तीन तासांहून जास्त. आणि यात बाजारबुणगे, म्हणजे फौजेमागून चालणारे न लढणारे लोक, धरलेलेच नाहीत.

चालण्याच्या वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ मधला ठोकताळा सोपा आहे: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. मिठबारीचा घाट पाच किलोमीटर लांब आणि सातशे मीटर उंच. मोकळ्या अंगाच्या धडधाकट माणसाला सव्वादोन तास लागतील. हत्यार, ढाल आणि शिधा घेऊन अंधारात चढणाऱ्याला साडेतीन-चार तास तरी द्या.

त्या लांब रांगेचं काय होतं, ते फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत घडलं. मुघल सरदार कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होती. अरुंद वाटेत शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला पुढून-मागून अडवलं आणि बाजूंच्या रानातून मारा झाला. शेवटी सामानसुमान टाकून, खंडणी देऊन तिला परत जावं लागलं. फौज मोठी होती, पण एका वेळी लढू शकणारी तिची माणसं मूठभर.

आकडा खाली आला की लेखक निराश होतात. होऊ नका. दोनशे माणसांची लढाई वाचकाला दिसते, दोन लाखांची फक्त ऐकू येते.

सावधान: घोडदळ घाटात धावत चढवू नका. घोडे लगाम धरून चालवत न्यावे लागतात.

## टप्पा ६: जादू आता, आधी नाही

इतकं झाल्यावर अद्भुताला आत घ्या, आणि तेही दोनच प्रकारांनी. मिठबारीसाठी: बंदरकरांकडे बारा पंखाळे, म्हणजे माणूस पाठीवर घेऊन उडणारे प्राणी, आणि पाच धुकारी, म्हणजे दरीतलं धुकं वर बोलावणारे जाणकार.

प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा.

१. हे आधीपासून असतं, तर गाव वेगळं बांधलं गेलं असतं का? पंखाळे पिढ्यान्‌पिढ्या असतील, तर मिठबारीच्या टाक्यांवर छप्पर हवं, बुरुजांवर आकाशाकडे तोंड केलेली यंत्रं हवीत. नसतील, तर पंखाळे नवे आहेत असं कथेत सांगावं लागेल. मधला मार्ग नाही. सगळ्यात जास्त कथा या प्रश्नावर आपटतात.

२. ते खातं काय, थकतं कधी? पंखाळ्याला दिवसाला एक बकरं लागत असेल, तर बारांचे वीस दिवसांचे दोनशे चाळीस. कोणत्या वाड्यांतून आणले? तिथल्या माणसांना काय वाटलं?

३. डोंगर त्याला कुठे मदत करतो आणि कुठे अडवतो?

तिसरा प्रश्न सगळ्यात फळतो. उन्ह तापलं की दरीतली हवा कड्याला घासत वर चढते. रात्री गारठून खाली वाहते. पावसाळ्यात नाणेघाटात वारा इतका जोरात वर येतो की धबधब्याचं पाणी उलटं फेकलं जातं. म्हणजे पंखाळे दुपारी सहज वर येतील आणि पहाटे त्यांना पंख मारून दम लागेल. धुकं मात्र पहाटे टिकतं, दुपारी विरतं.

बंदरकरांच्या सेनापतीला आता निवड करावी लागते: पहाटे धुक्याआडून चढायचं आणि पंखाळे जवळपास गमवायचे, की दुपारी पंखाळे वापरायचे आणि सगळी रांग उघडी पाडायची. दोन्ही शक्ती एकाच वेळी जोरात चालत असत्या, तर निवड उरली नसती आणि लढाईही.

जाता जाता: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुक्यात स्वतःच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. १८३५ मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आहे. अशा खऱ्या गोष्टी पात्रांना चमत्कार वाटू द्या आणि खोट्या जादूला त्यांच्याशेजारी बसवा. सांधा दिसत नाही.

## टप्पा ७: वेळापत्रक लिहा

कथा लिहू नका अजून. फक्त वेळा लिहा.

- मध्यरात्र: गुराख्याच्या मागे दोनशे बंदरकर नाळेत शिरतात. लक्ष्य धाकटा गड.
- पहाटे ३: मुख्य रांग पायथ्याहून निघते. धुकारी धुकं चढवू लागतात.
- पहाटे ५: धुक्यामुळे नाळेतल्यांना वाट सापडत नाही. आपल्याच जादूने त्यांना तासभर उशीर.
- पहाटे ६: आघाडीची तुकडी माथ्याच्या जवळ. धाकट्याचे पहारेकरी जाळ पेटवतात, पण धुक्यात थोरल्याला तो दिसत नाही.
- ६:२०: पहारेकरी तोफेचा बार काढतात. तीन किलोमीटरवरच्या थोरल्यावर तो नऊ सेकंदांनी ऐकू येतो, कारण आवाज किलोमीटरला तीन सेकंद घेतो.
- ७:००: पठारकर तो मधला उघडा कोस ओलांडून घाटाचं तोंड गाठायला धावतात. त्याच वेळी दोनशे जण धाकट्याच्या मागच्या बाजूला पोचतात.
- ८:३०: धुकं फाटतं. घाटात निम्मी रांग अडकलेली सगळ्यांना दिसते. महाजन दरवाजापाशी येतात.

या यादीत एक गोष्ट बघा: प्रत्येक वळण आधीच्या टप्प्यांतून आलं आहे. उशीर धुक्याचा, बार धुक्याचा, उघडा कोस टप्पा १ चा, अडकलेली रांग टप्पा ५ ची. कुठल्या ओळीसाठी नवा योगायोग लागला, तर ती ओळ खोडा आणि मागच्या टप्प्यात दुरुस्ती करा.

तपासा: ६:२० ला कुणाला काय माहीत आहे, याची दोन रकान्यांची यादी करा. वरच्याला माहीत असलेली गोष्ट खालच्याला कळायला किती वेळ लागला? घाटात निरोप घेऊन धावणारा माणूसच लागतो. सेनापतीला सगळं तत्काळ समजत असेल, तर डोंगर पुन्हा सपाट झाला.

खेळ चालवणाऱ्यांनी हेच वेळापत्रक पडद्याआड ठेवावं. खेळाडू काही करोत, घड्याळ चालूच राहतं. ते जिथे हात घालतील तिथपासून पुढच्या ओळी बदलायच्या.

## टप्पा ८: डोळे निवडा आणि लिहा

तीन डोळे पुरेत: नाळेतला गुराखी, टाक्यावरचा पाणी मोजणारा, रांगेच्या शेपटाकडचा बैलवाला. सेनापतीचा डोळा टाळाच. त्याला नकाशा दिसतो आणि लेखकाला नकाशाच समजावून सांगायचा मोह होतो. शेपटाकडच्या बैलवाल्याला मात्र पुढे काय चाललंय ते कळत नाही. रांग थांबते, पुन्हा सरकते, वरून एक धोंडा गडगडत येतो, मग कुणीतरी ओरडतं. घाटातली लढाई अशीच दिसते.

बोली सांभाळा. बंदरकर आणि पठारकर वेगळे बोलतील. शिवी, देव, मोजमाप, सगळं वेगळं. पण दोघांनाही प्रमाणभाषेतली भाषणं देऊ नका. चढून आलेल्या माणसाला भाषणाइतका दम नसतो.

शब्द जपून वापरा. माची, बुरूज, जंग्या, दिंडी दरवाजा, मेट, मोर्चा, एल्गार, चंदावल हे सगळे शब्द हाताशी आहेत, पण एका परिच्छेदात सात कोंबले तर वाचक वाटेतच थांबतो. ज्या वस्तूला पात्र हात लावतं, तिचंच नाव घ्या.

## टप्पा ९: दुसऱ्या दिवशीची जकात

बहुतेक हस्तलिखितं ध्वज फडकल्यावर संपतात. आणखी तीन-चार पानं लिहा. विजेता कुणीही असो, त्याच्यापुढे कामं तीच: प्रेतं हलवायची, टाक्यात काही पडलं का ते बघायचं, महाजनांना कौल, म्हणजे अभयाचं वचन, द्यायचा, जुने चौकीदार ठेवायचे की नवे नेमायचे ते ठरवायचं. दर वाढवला तर तांडे लांबच्या सोप्या घाटाने जातील, जो आपण टप्पा १ मध्ये आखून ठेवला होता. दर उतरवला तर फौजेचा खर्च निघत नाही. बैल गमावलेला नाईक भरपाई मागायला येईल, आणि त्याने चोरवाट दाखवली होती की नाही, हे दोन्ही बाजूंना आता माहीत आहे.

पहिला मिठाचा तांडा किती दिवसांनी घाट चढतो, चौकीवर त्याच्याकडून काय मागितलं जातं आणि तो देतो की पायथ्याहूनच परत फिरतो, एवढं लिहून हात थांबवा.